जायफळ बाहेर येतो तेव्हा

वार्तापत्रासाठी काहीतरी लिहा, असा आपल्या संपादक बाईंचा फोन आला आणि मी पटकन हो म्हटले. निवृत्त शिक्षिकेकडून लोकांची अपेक्षा ठरलेली असते. जुन्या बडोद्याच्या आठवणी, सयाजीराव महाराजांचे सक्तीचे शिक्षण, नाहीतर सुट्टीत मुलांनी काय वाचावे. ह्या तिन्ही विषयांवर मी ह्याच पानांत पूर्वी लिहून झाले आहे, आणि ते कुणाच्या लक्षात असेल असे मला वाटत नाही. म्हणून या वेळी उंदरावर लिहिते.

उंदीर म्हटले की माझी नात रागावते. "आजी, हॅमस्टर म्हण!" २०२३ च्या दिवाळीत माझ्या मुलाने तिला तो आणून दिला. पिकल्या चिकूच्या रंगाचा, मुठीत मावेल एवढा, शेपूट जवळजवळ नाहीच. नाव चिकूच ठेवले. शेजारच्या बेन बघायला आल्या आणि म्हणाल्या, "अरे, आ तो उंदर छे!" आमचे हे झोपाळ्यावरून म्हणाले, "लोक उंदीर धरायला पिंजरा आणतात, आपल्याकडे पाळायला आणलाय." मी स्वतः भाद्रपदात गणपतीपुढच्या मातीच्या उंदरालाही हळदकुंकू वाहणारी बाई, तेव्हा मला बोलायला तोंड नव्हते.

आमचे घर दांडिया बाजारातले, जुने. खाली दुकान, वर आम्ही. दिवाणखान्यात सागवानी झोपाळा, त्याच्या मागे सासूबाईंचे कपाट, पश्चिमेला गॅलरी. हे सगळे सांगायचे कारण पुढे येईल.

चिकू दिवसभर झोपायचा. रात्री दहानंतर त्याचा दिवस उजाडायचा, आणि मग पिंजऱ्यातले ते चाक कुरकुर कुरकुर फिरायला लागायचे. पहिल्या रात्री मला वाटले खाली दुकानाचे शटर कुणीतरी उचकटते आहे. मी चाकाच्या आसाला खोबरेल तेलाचे बोट लावले, कुरकुर थांबली, पण त्याचे धावणे काही थांबले नाही. पुढे कळले की हा प्राणी एका रात्रीत चाकावर काही किलोमीटर सहज धावतो. मोकळ्या रानात दाणा शोधत रात्रभर फिरणारी ही जात. त्याला आपण हातभर पिंजऱ्यात ठेवले, तर त्या धावण्याने जायचे कुठे? नातीला ते बघवेना. "आजी, त्याला थोडा वेळ बाहेर फिरवू या ना."

आम्ही फिरवला. कसा, ते ऐका. दिवाणखान्याची दारे लावली आणि त्याला जमिनीवर सोडले. झाली तयारी! तो भिंतीच्या कडेकडेने निघाला. मोकळ्या मैदानात ससाण्या-घुबडांच्या नजरेत यायचे नाही, ही त्याची उपजत बुद्धी. आम्ही मात्र, "बघ कसा फिरायला निघाला," म्हणून कौतुक करीत होतो. ह्यांनी सवयीने झोपाळ्याला पायाने रेटा दिला. झोपाळा मागे गेला, पुढे आला, आणि चिकू त्याच्या सावलीखालून आमच्या डोळ्यांदेखत पार झाला. पुढे येणारे ह्यांचे पाऊल आणि त्याची पाठ, दोहोंत चार बोटांचे अंतर असेल. नात किंचाळली. त्या किंकाळीने तो जो पळाला, तो सासूबाईंच्या कपाटाखाली.

पुढचे तीन तास आम्ही कुणी बसलो नाही. कपाट हलवायचे म्हटले तर तो खाली चिरडायची भीती. मोबाईलच्या चार्जरची वायर भिंतीतून लोंबत होती, ती आधी काढली, कारण दात सतत वाढतात म्हणून ही जात समोर येईल ते कुरतडते. खालच्या दुकानात उंदरांसाठी औषध टाकलेले असते, हे आठवले आणि माझ्या पोटात गोळा आला. जिन्याच्या दाराखाली जी फट आहे, तीत मी जुनी चादर कोंबली. ती फट पस्तीस वर्षे तिथे आहे, पण त्या रात्री मला ती पहिल्यांदा दिसली.

शेवटी युक्ती सुचली ती मुलाला. दिवे मालवून प्रत्येक खोलीच्या उंबऱ्यावर त्याने गव्हाचे पीठ भुरभुरले. तासाभराने टॉर्च लावून पाहतो तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तीळ सांडावेत तशी पावले! मग ओट्याखाली एक बादली ठेवली, तळाशी मऊ फडके आणि काकडीची फोड, आणि बादलीच्या काठापर्यंत पुस्तकांच्या पायऱ्या केल्या. माझा जुना शब्दकोश खालची पायरी झाला. पहाटे चारला बादलीत खुसफुस ऐकू आली. चिकू गालांच्या थैल्या भरून बसला होता. (ज्यांचा हॅमस्टर हरवेल त्यांनी हा उपाय जरूर करावा. शब्दकोशाचा असा उपयोग मी वर्गात कधी सांगितला नव्हता.)

ह्या प्रकारानंतर दुकानातून बॉल आला. तुम्ही पाहिला असेल. पारदर्शक प्लॅस्टिकचा, दोन अर्ध्या वाट्या जोडाव्यात तसा, हवेसाठी बारीक चिरा. प्राणी आत ठेवायचा, झाकण फिरवायचे, आणि तो पळू लागला की बॉल घरभर गडगडतो. हरवायची भीती नाही, पायाखाली यायची भीती नाही, वायर कुरतडायची भीती नाही. मला तो फार आवडला. खरे सांगायचे तर चिकूला तो आवडतो की नाही हे मी बघितलेच नाही. तो पळतो म्हणजे खेळतो, असे मी धरून चालले. शिवाय बघायला गंमत वाटायची. बॉल भिंतीवर आपटायचा, थांबायचा, पुन्हा फिरायचा. आम्ही हसायचो.

आता पुढचे लिहायला मला दोन दिवस लागले, तरी लिहिते.

एप्रिल २०२४. बडोद्याचा एप्रिल तुम्हाला सांगायला नको. पारा चाळिशीच्या वर आणि डांबर चपलेला चिकटते. नात चित्रकलेच्या वर्गाला गेली होती. चार-साडेचारला शेजारची तीन मुले आली, "दादी, बॉलवाला उंदर बताओ ना." चिकू गाढ झोपला होता. मी त्याला उठवला. घरी आलेल्या मुलांना काहीतरी दाखवायची माझी जुनी खोड, शिक्षिकेची. बॉलमध्ये घातला, आणि आत गर्दी नको म्हणून गॅलरीत सोडला. तेव्हा तिथे सावली होती. मुलांनी दहा मिनिटे टाळ्या पिटल्या आणि ती गेली. तेवढ्यात पुण्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला. आमचा फोन म्हणजे काय, तुम्ही जाणताच. भाचीचे स्थळ, गुडघे, लोणच्याच्या कैऱ्या. मी आत पंख्याखाली बसून बोलत होते. फोन ठेवला तेव्हा साडेपाच झाले होते आणि गॅलरीभर पश्चिमेचे ऊन पसरले होते. बॉल कुंडीला टेकून थांबला होता. प्लॅस्टिकला आतून दव धरावे तसा ओलावा.

मी त्याला सावलीत आणले, ओल्या फडक्यावर ठेवले, रिक्षा करून डॉक्टरांकडे नेले. जनावरांचा हा डॉक्टर आपल्याच शाळेचा माजी विद्यार्थी आहे. त्याने एकदा पाहिले आणि मान हलवली. मला काही विचारले नाही.

नात सहाला घरी आली. मी तिला काय सांगितले असेल? मी सांगितले की ह्या प्राण्यांचे आयुष्यच दोन-तीन वर्षांचे असते, दुकानातून आणला तेव्हा तो किती मोठा होता कोण जाणे, झोपेतच गेला. पहिले वाक्य खरे होते, आणि म्हणूनच ते मला वापरता आले. ती रडली. कमाटीबागेत नेऊन पुरू या म्हणाली. आम्ही अंगणातल्या तुळशीच्या बाजूला पुरला. बॉल मी पुसून माळ्यावर टाकला. मुलाला आणि ह्यांना खरे माहीत होते, पण त्यांनी माझी बाजू सांभाळली. घरात असे होते.

काही आठवड्यांनी मी एकटीच त्या डॉक्टरांकडे गेले. म्हटले, "नीट समजावून सांग मला. मी तुला शिकवले, आता तू मला शिकव." तो संकोचला. "बाई, तुमचं एकट्याचं नाही, बरेच जण असंच करतात," म्हणाला, आणि मग त्याने सांगितले. हॅमस्टरला लांबचे धड दिसत नाही. तो जग ओळखतो ते नाकाने आणि मिश्यांनी. बॉलमध्ये दोन्ही बंद. आपटेपर्यंत भिंत कळत नाही. चिरांमध्ये बोट, नख अडकते. पाणी नाही, लपायला जागा नाही, आणि थांबावेसे वाटले तर बाहेर यायला दार नाही. "आपल्याला तो पळताना दिसतो, बाई. तो बॉलमध्ये सुटका शोधत असतो." उष्णतेचेही त्याने सांगितले. ह्यांना वीस-बावीस अंश मानवते, तिशीच्या पुढे त्रास सुरू होतो, आणि बंद प्लॅस्टिकमध्ये उन्हात काही मिनिटेही पुष्कळ झाली.

दिवाळीत, २०२४ च्या, नातीने पुन्हा हट्ट धरला. मी नको म्हणत होते. शेवटी मुलाने सुतार बोलावून एका जुन्या कपाटाचा मीटरभर लांब, अर्धा मीटर रुंद खोका करून घेतला, वर जाळी, आत वीतभर जाड कागदाच्या कातरणाचा थर, कारण ह्या प्राण्यांना बीळ खणायला हवे असते. चाकही मोठे घेतले, अठ्ठावीस सेंटिमीटरचे, सलग पृष्ठभागाचे. लहान चाकात पाठ वाकते आणि सळ्यांच्या चाकात पाय अडकतो. घर आधी मोठे केले, मगच प्राणी आला. दिवसाकाठी अर्धा तास बाहेर काढला म्हणजे उरलेला दिवस खुराड्यात ठेवायला मोकळीक मिळते, असा माझा पूर्वी समज होता.

हा दुसरा रंगाने गडद, म्हणून जायफळ.

जायफळ आल्यावर पंधरा दिवस आम्ही त्याला बाहेर काढलेच नाही. नात रोज रात्री हात आत ठेवून बसायची. पहिल्यांदा त्याने हुंगले, मग एका नखाला हलके चावून पाहिले, मग एक दिवस तळव्यावर चढून सूर्यफुलाचे बी सोलत बसला. त्यानंतर मैदान तयार केले. फ्रीजचे मोठे खोके उलगडून त्याचे कुंपण केले, माझ्या मांडीपेक्षा उंच, चिकटपट्टी सगळी बाहेरून. आधी मी पंगतीचे जुने पाट उभे करून पाहिले होते. दिसायला छान, पण दोन पाटांमधल्या फटीतून तो दुसऱ्या मिनिटाला नाक बाहेर काढून बसला, आणि जिथे ह्याचे डोके जाते तिथे अख्खा देह जातो. खाली जुनी सुती चादर, दोरे न निघालेली. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांच्या फासात नखे अडकतात.

कुंपण कुठे घालायचे ह्यावरून घरात वाद झाला. दिवाणखाना झोपाळ्यामुळे बाद. न्हाणीघर मोरीमुळे बाद. शेवटी मधली खोली ठरली. ठरल्यावर मी एक गोष्ट केली, ती सुनेने मोबाईलवर टिपली आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवली. मी खोलीभर रांगले. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, पदर खोचून. कारण उभ्याने जे दिसत नाही ते तिथून दिसते. पलंगाखालचे झुरळाचे औषध, दाराच्या बिजागरीची फट, गादीतून निघालेला दोरा, भिंतीवर चाललेली मुंग्यांची रांग. शेजारच्या बेनची मांजर खिडकीतून येते, ती खिडकी त्या वेळेपुरती बंद.

आता आमचा नेम असा आहे. दिवेलागणीनंतर बराच वेळ जाऊ द्यायचा. साडेनऊच्या सुमारास जायफळ आपणहून उठतो, तोंड धुतो, दोन दाणे खातो. झोपेतून त्याला कधीच उठवायचे नाही. कुंपणात त्याचे छोटे लाकडी घर, पुठ्ठ्याच्या नळ्या, एका मातीच्या पसरट भांड्यात स्वच्छ कोरडी वाळू. वाळूत तो लोळतो, तीच त्याची आंघोळ, पाणी घालायचे नाही. दाणे वाटीत ठेवायच्या ऐवजी चादरीवर इकडेतिकडे विखुरतो, मग तो शोधत हिंडतो. अंगाला घासून तो स्वतःचा वास सगळीकडे लावत जातो, म्हणून चादर रोज धूत नाही. सून ह्यावर नाराज आहे.

आम्ही दोघी कुंपणाच्या आत जमिनीवर बसतो. हातात घेतले तरी जमिनीलगतच, कारण ह्यांना उंचीचा अंदाज नसतो. टेबलाच्या कडेवरून सरळ पुढे पाऊल टाकतात. बाकी आम्ही काही करत नाही. तो माझ्या पदराच्या निऱ्यांत शिरतो, बाहेर येतो, नातीच्या पायावरून जातो. आणि त्याचा खोका आम्ही कुंपणाला लागूनच ठेवतो, एक नळी आतून बाहेर. वाटले तर यावे, वाटले तर परत जावे. कधी तासभर हिंडतो. कधी पाच मिनिटांत परत जाऊन बिळात शिरतो. पहिल्यांदा तसे झाले तेव्हा नात हिरमुसली. मी म्हटले, अगं, तुलाही वाढदिवसाच्या मध्येच झोपायला जायचे असायचे. मे महिन्यात तर तो अकरानंतरच बाहेर पडतो. त्या दिवसांत खोक्यात एक गार फरशी ठेवतो, तिच्यावर पोट टेकून पसरतो.

नातीला ह्या प्राण्याचा इतिहासही आम्ही शोधून दिला. १९३० साली सीरियातल्या अलेप्पोजवळ एका गव्हाच्या शेतात खणून आहारोनी नावाच्या जेरुसलेमच्या प्राणिशास्त्रज्ञाने एक मादी आणि तिची पिल्ले मिळवली. जगभरच्या घरांतले सोनेरी हॅमस्टर बहुतेक सगळे त्याच कुटुंबाचे वंशज. नातीला सर्वांत आवडला तो पुढचा भाग. जेरुसलेमला आणल्यावर त्यांतल्या काहींनी लाकडी पिंजरा कुरतडून पोबारा केला होता. "म्हणजे आपल्या चिकूचं काही चुकलं नव्हतं," ती म्हणाली. मी काही बोलले नाही.

२०२५ च्या गुढीपाडव्याआधी माळा साफ करायला काढला. नात वर चढली होती. बॉल तिच्या हाती लागला. धूळ पुसत ती म्हणाली, "आजी, हा तर चांगलाच आहे की. कुंपण लावायचा कंटाळा येईल तेव्हा जायफळला ह्यात ठेवू या?"

मी डॉक्टरांनी सांगितलेले सगळे तिला सांगू शकले असते. चिरा, नखे, मिश्या. तेवढ्याने भागले असते. तिने मान डोलावून बॉल खाली टाकला असता. पण ती माळ्याच्या शिडीवर बसून माझ्याकडे बघत होती आणि मला ते वर्ष पुन्हा पोटात धरून राहणे जमेना. मी तिला सांगितले. उठवला मी, बॉलमध्ये घातला मी, गॅलरीत ठेवला मी, आणि फोनवर बोलत बसले मी. झोपेत नाही गेला.

ती शिडीवरून उतरली आणि आपल्या खोलीत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझ्या हातची पुरणपोळी खाल्ली, पण बोलली नाही. दहा वर्षांच्या मुलीचा अबोला हा सासूबाईंच्या अबोल्यापेक्षा जड असतो, हे मी दोन्ही सोसून सांगते. रात्री कुंपणात ती एकटी बसायची, मी दाराशी.

तिसऱ्या दिवशी मुलगा माळ्यावरचे सामान भंगारवाल्याला देत होता. नात धावत आली आणि बॉल काढून घेतला. "हा द्यायचा नाही. तो दुसऱ्या कुणालातरी देईल." बापाने हातोडी आणली आणि ओट्यावर त्याचे तुकडे केले. ती उभी राहून बघत होती.

त्या रात्री मी मधल्या खोलीत गेले तर कुंपणाच्या पुठ्ठ्यावर लाल स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहिले होते, "फोन बाहेर ठेवणे." खाली लहान अक्षरांत, "आजीने पण." ठेवणे मधला ठ तिने नेहमीसारखाच उलटा फिरवला होता. मी फोन स्वयंपाकघरात ठेवून आले आणि आत पाय टाकला. तिने सरकून जागा केली.

आता रोज साडेनऊला आम्ही दोघी तिथे असतो. पुण्याहून फोन येतो, फळीवर वाजत राहतो. बहिणीला मी सांगून ठेवले आहे, साडेदहानंतर कर.